टेबलक्लॉथवरची चक्रं

नमुन्याचा टेबलक्लॉथ मी कापड बेतायच्या टेबलावर पसरला आणि चौघींना जवळ बोलावलं. जाड पांढरं सुती कापड. मधला भाग मोकळा आणि चारही कोपऱ्यांत हिरव्या काटेरी पानांचा एकेक गोल. पानांत लाल फळांचे झुबके, खाली लाल फितीची गाठ. सोबत टेबलावर ताटाखाली ठेवायच्या मॅटचाही नमुना होता. त्यावर त्याच पानांची चौकट होती आणि चौकटीच्या आत काहीच नव्हतं.

शमीमभाभींनी चष्मा वर सरकवून विचारलं, हे गोल काय आहे. मी सांगितलं, याला रीथ म्हणतात, नाताळात लोक दारावर लावतात. तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी म्हटलं, "रीथ म्हणजे आपल्या मराठीत पुष्पचक्र."

नेमका शब्द सापडला म्हणून मला बरं वाटलं होतं. इंदुमती तेव्हा टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होती आणि कापडाची कड दोन बोटांत धरून पोत बघत होती. तिनं कड सोडली आणि ती आपल्या मशीनवर जाऊन बसली. बाकीच्या तिघी वाकून टाके मोजत होत्या. त्या क्षणाचा अर्थ मला महिनाभर कळला नाही.

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. नगरला आमच्या चर्चच्या आवारात एका लांबट खोलीत बायकांचं शिवणकेंद्र होतं आणि ते मी चालवत होते. भरतकामाच्या चार मशिनी, एक कपाट, दोन खिडक्या. शमीमभाभी सगळ्यांत जुन्या. आवारातल्याच दोन मुली शिकता शिकता काम करायच्या. आणि इंदुमती वाळुंज, जी त्या वर्षी जानेवारीत आली. वय अठ्ठावीस. पारनेरच्या बाजूच्या एका गावाहून ती रोज एस.टी.नं यायची. पहिल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं होतं की मिस्टर वारले, घरी सासूबाई आहेत, थोडी शेती आहे. कसे वारले ते मी विचारलं नाही. विचारलं तर तिला दुखेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं तर मला त्यात रस नव्हता. मला रस होता तिच्या हातात.

तसा हात मी त्याआधी पाहिला नव्हता. मशीनचा कापड दाबणारा पाय काढून टाकायचा, कापड पुढे ओढणारे दात खाली करायचे, रिंगेत ताणलेलं कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचं, म्हणजे सुई जागच्या जागी खालीवर होते आणि चित्र काढतो तो आपला हात. बहुतेकींचा हात वळणावर अडखळतो आणि टाके एकमेकांवर चढतात. इंदूचा हात पाणी वाहावं तसा वळायचा.

पण तिच्या काही गोष्टी मला खटकत होत्या. ती पाण्याची बाटली घरून आणायची. अकरा वाजता शमीमभाभी सगळ्यांचा चहा करायच्या, तेव्हा ती म्हणायची, मला चालत नाही. दुपारी डबा घेऊन खिडकीशी पाठ करून बसायची. कुणी खाऊ वाटला तर कागदात बांधून पिशवीत टाकायची. तो पुढे ती खायची की वाटेत कुणाला द्यायची, मला ठाऊक नव्हतं. कुणाला यात काही दिसलं नसतं. मला दिसत होतं. आमच्यासारख्यांना असल्या गोष्टी लहानपणापासून दिसतात.

पुण्याच्या एका दुकानाचं हे काम आमच्यासाठी मोठं होतं. मंडळीच्या पंचांना ती खोली संगणकाच्या वर्गासाठी हवी होती. केंद्राला बाहेरचं कायमचं काम मिळालं तर राहू द्या, नाहीतर जानेवारीत किल्ल्या द्या, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात हा नमुना आला. चाळीस टेबलक्लॉथ, म्हणजे एकशे साठ गोल, आणि वर मॅटच्या चौकटी. मुदत दहा डिसेंबर. पसंत पडलं तर दर वर्षी, आणि नाताळ सरला की पडदे, अभ्रे.

मी बटरपेपरवर गोल उतरवला, टाचणीनं भोकं पाडली, राकेलमध्ये नीळ कालवून बोळ्यानं फिरवली आणि पहिल्या कापडावर चार निळे गोल उठवले. ते कापड मी इंदूच्या मशीनवर नेऊन ठेवलं. गोल तिचे, चौकटी मुलींच्या, असं माझ्या मनात पक्कं होतं. चौकट सरळ रेघेत जाते, ती कुणालाही जमते. गोल मात्र जिथून सुरू केला तिथे बेमालूम मिळावा लागतो.

"बाई, मी चौकटी करते," इंदू म्हणाली. "गोल नको."

मला वाटलं, अवघड वाटत असेल. मी म्हटलं, तुला नाही जमणार तर कुणाला जमेल. ती खाली बघत पुन्हा तेच म्हणाली. चौकटी सगळ्या देते, रात्री घरी नेऊन हातानं कडा शिवून आणते, पण गोल दुसऱ्या कुणाला द्या. का, विचारलं तर ती रीळ बदलायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी शमीमभाभींना बसवलं. त्यांनी मनापासून केलं, पण त्यांची नजर अधू झाली होती आणि गोल अंड्यासारखा लांबुळका आला. मुलींच्या हातून पानंच उलटसुलट झाली. आठवडा असा गेला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मी पुन्हा इंदूपुढे कापड ठेवलं. तिनं ते हळूच बाजूला सरकवलं. त्या सरकवण्यात तिच्या बोटांची टोकंच तेवढी कापडाला लागली. निदान मला तसं दिसलं.

मग मी बोलले. आवाज चढवून नाही, उलट अगदी हळू. शाळेत शिक्षिका होते तेव्हापासूनची ती माझी सवय.

"आमच्या सणाचं आहे म्हणून नको का, इंदू?"

ती सुईत दोरा ओवत राहिली.

"आमच्या हातचा चहा तुला चालत नाही, ते मी कधी बोलले नाही. पाणीसुद्धा तू घरून आणतेस. माझी आई दाई होती. तुमच्यासारख्यांच्या घरी जाऊन तिनं रात्र रात्र बायकांचे पाय धरले, तुमची पोरं पहिल्यांदा तिच्या हातांवर आली. आणि सकाळी तिला चहा मिळायचा तो वळचणीला अडकवलेल्या कपात, वरून ओतलेला. तो कप तिनंच विसळून परत वळचणीला ठेवायचा. मला वाटलं होतं, निदान या खोलीत तरी मला तसलं काही बघावं लागणार नाही."

खोलीतल्या चारही मशिनी थांबल्या होत्या. शमीमभाभी म्हणाल्या, जाने दो बाई. इंदूनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, काहीतरी सांगायला तोंड उघडावं तसे. मग ते मिटले. तिनं कापड जवळ ओढलं, रिंगेत घातलं, रिंगेचा स्क्रू आवळला आणि मशीन सुरू केलं.

त्या दिवशी तिनं चार गोल केले. दुसऱ्या दिवशी पाच. पुढचे वीस दिवस ती गोलच करत राहिली. आधी पानांची बाह्यरेषा, मग गडद हिरवा, मग पोपटी, मग फळं आणि शेवटी फीत. शमीमभाभी सुधारल्या तसे काही त्यांनी केले, पण एकशे साठांतले शंभराच्या वर इंदूच्या हातचे. तिच्या गोलातली पानं सगळी एकाच दिशेला झुकलेली असायची, वाऱ्यानं पीक झुकावं तशी. ती बोलायची फक्त दोरा मागायला. मी जिंकले होते आणि मला ते छान वाटत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं. चहाच्या वेळेला मी मुद्दाम तिच्याकडे बघायचे. तिनं चहा घेतला नाही, तशी मी पुन्हा काही बोललेही नाही. काम होत होतं.

एकदाच एक गोष्ट झाली. मी तिच्या मागून गेले तेव्हा ती फितीची गाठ भरत होती. फितीची दोन्ही टोकं नमुन्यात कोरी होती. तिनं मशीन थांबवलं आणि त्या कोऱ्या टोकांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, ओळ वाचावी तसं. मी विचारलं, काही चुकलंय का. ती म्हणाली, नाही.

दहा तारखेला गठ्ठे पुण्याला गेले. बुधवारी चर्चच्या ऑफिसात दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. काम फारच आवडलं होतं. आणखी दहा टेबलक्लॉथ बावीस तारखेच्या आत हवे होते, आणि जानेवारीत पडद्यांबद्दल बोलायला या म्हणाल्या. पंचांनी किल्ल्यांचा विषय सोडून दिला. इंदू मात्र मंगळवारपासून आली नव्हती. कांद्याची लागण आहे, असा तिनं शमीमभाभींकडे निरोप ठेवला होता.

गुरुवारी दुपारी एक गृहस्थ दारात आले. साठीचे, ताठ, पांढऱ्या मिशा, हातात एक लखोटा. माजी सैनिकांचं काम बघणारे निवृत्त सुभेदार होते ते. विचारलं, श्रीमती इंदुमती वाळुंज इथेच असतात ना. मी म्हटलं, असते, पण आज नाही. त्यांनी लखोटा माझ्या हातात दिला. रविवारी सोळा तारखेला स्मारकापाशी विजय दिवसाचा कार्यक्रम आहे, हा लखोटा त्यांना द्या, म्हणाले.

मी विचारलं, तिला कशासाठी.

"वीरपत्नी आहेत त्या," सुभेदार म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही? अडीच वर्षं झाली. जून महिन्यात, वर डोंगरात. मी स्वतः होतो गावात, पार्थिव आणलं तेव्हा." मग म्हणाले, "दोनदा बोलावलं, येत नाहीत. बाकीच्या येतात, पुष्पचक्र वाहतात, फोटो होतो, पेढे घेऊन जातात. ह्यांना म्हटलं, अहो, एक चक्र तर वाहायचंय. तर म्हणाल्या, ते सोडून काहीही सांगा."

त्यांनी आणखी काही सांगितलं असेल. मला ते आठवत नाही. मी त्यांना खुर्ची द्यायलाही विसरले. ते गेल्यावर शमीमभाभी कितीतरी वेळ दोऱ्याची रिळं कपाटात लावत होत्या, आधीच लावलेली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी निघाले. सुप्याच्या पुढे फाट्यावर उतरले आणि विचारत विचारत वाळुंजांच्या वस्तीवर गेले. घर शेतातच होतं. ओसरीवर एक म्हातारी कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं मला नीट निरखून पाहिलं आणि हातानं वावराकडे दाखवलं.

इंदू वाफ्यात वाकून रोपं लावत होती. मला पाहून उभी राहिली, हात पदराला पुसले, मग पुन्हा वाकली. वाफ्याला पाणी सोडलेलं होतं, थांबून चालत नव्हतं. मी वरंब्यावर बसले. चपला काढून ठेवल्या. वाटेत ठरवलेलं सगळं विसरायला झालं. मी म्हटलं, काल सुभेदार आले होते.

"कळलं मला, तुम्ही येताना दिसलात तेव्हाच," ती म्हणाली.

रोपं लावतच तिनं सांगितलं. एका जागी थांबून सांगितलं असतं तर कदाचित सांगू शकली नसती. पेटी आणली तेव्हा गावात उभं राहायला जागा नव्हती. बायकांनी तिला घरात धरून ठेवलं होतं, पेटी उघडायची नाही असा वरून हुकूम होता. तिनं फार ओढाताण केली तेव्हा कुणीतरी तिला उंबऱ्यापर्यंत आणलं. माणसांच्या डोक्यांवरून तिला फक्त एक चक्र दिसलं, कुणीतरी हातात धरून पुढे नेत होतं ते. हिरवी पानं, पांढरी फुलं, फितीवर सोनेरी अक्षरं. अक्षरं वाचेपर्यंत तिला पुन्हा आत नेलं.

"तेवढंच बघितलं मी. माणूस नाही बघितला."

पाणी वाफ्याच्या शेवटापर्यंत पोचलं. तिनं फावड्यानं बांध फोडून ते पुढच्या वाफ्यात घेतलं. मी म्हटलं, "तू मला सांगायचं होतंस. एक शब्द बोलली असतीस तरी मी ते काम तुला दिलं नसतं."

"सांगणारच होते त्या दिवशी. ओठावर आलं होतं."

"मग?"

"तुम्ही आईचं बोललात."

ती सरळ उभी राहिली. हातात रोपांची जुडी, मनगटापर्यंत चिखल. तिनं एकदा घराकडे पाहिलं, ओसरीवर म्हातारी दिसत होती.

"आमच्या घरी होता तसा कप," ती म्हणाली. "बिनकानाचा. मी लग्न होऊन आले तेव्हा वळचणीला होता. एक म्हातारबा यायचे, केरसुण्या, दोर घेऊन. मीच ओतायचे त्यांच्या कपात, वरून, हात लागू न देता. कुणी शिकवावं लागलं नाही मला, माहेरीही तसाच होता. आणि तुमच्याकडे यायला लागले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, तिथलं काही तोंडात घालायचं नाही. मी ऐकलं. वर्षभर ऐकलं. तुम्ही म्हणालात ते गोलाबद्दल खरं नव्हतं, बाई. पण बाकीचं खरं होतं."

मी वरंब्यावरचं एक ढेकूळ बोटांनी फोडत राहिले.

"त्या वेळी मी माझं दुःख पुढं केलं असतं, तर तुम्हीच मला जवळ घेतलं असतं," ती म्हणाली. "आणि तुमच्या आईचं तसंच राहिलं असतं. मला ते बरोबर वाटलं नाही. मग म्हटलं, करू या."

"शंभर केलेस तू."

"पहिले पंधरा-वीस लई जड गेले. पुढं पुढं हातच करायचा." ती वाकली, रोप रोवलं, अंगठ्यानं माती दाबली. "त्या दिवशी बघायचं राहिलं, ते रोज थोडं थोडं बघून झालं म्हणायचं."

मी वरंब्यावरून उतरले. जुडीतली रोपं घेतली आणि तिच्या शेजारच्या ओळीत लावायला लागले. मला येत नव्हतं. रोपं आडवी पडत होती, ती मागून येऊन सरळ करत होती. दोन वाफे आम्ही तसेच केले. त्यात मी पुण्याच्या फोनचं सांगितलं. आणखी दहा मागितलेत, पण मी नाही म्हणून कळवणार आहे, खोली गेली तर जाऊ दे. ती पुढचं रोप रोवत राहिली.

दुपारी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. ऊन होतं, पण बोचणारं नव्हतं. बाजूच्या शेतात ज्वारी पोटरीला आलेली. मी दिलेला सुभेदारांचा लखोटा तिनं न उघडता कमरेला खोचला होता. मग तिनं विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय?"

अकरा महिने आम्ही एका खोलीत काढले होते. मी सांगितलं, "कृपाबाई."

"कृपाबाई," ती स्वतःशीच म्हणाली. "आहेत?"

"नाही. मी शाळेत नोकरीला लागले, त्या वर्षी गेली."

फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली आम्ही उभ्या राहिलो. मला एकदम जाणवलं, की मलाही तिच्या नवऱ्याचं नाव माहीत नाही. सुभेदारांनी सांगितलं असेल, पण माझ्या कानात राहिलं नव्हतं. मी विचारलं आणि लगेच वाटलं, विचारायला नको होतं. त्या भागातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात घेतलं तर उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर.

इंदूनं डोक्यावरचा पदर सारखा केला. रस्त्याच्या पलीकडे बघत राहिली.

"सर्जेराव," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून तिनं खाकरून पुन्हा म्हटलं, "सर्जेराव बाबूराव वाळुंज."

तेवढ्यात गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, तिनं हात वर केला. गाडी सुप्याच्या पुढे गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी माफी मागायला म्हणून आले होते आणि ती मागायची राहूनच गेली. परत जाणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, सोमवारी ती आली की सगळ्यांसमोर मागायची. ज्यांच्यासमोर मी ते बोलले, त्यांच्यासमोरच. रविवारी उपासनेला बसले तरी मनात तीच वाक्यं जुळवत होते.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. दार उघडं होतं. शमीमभाभी स्टोव्हला पंप मारत होत्या आणि इंदू तिच्या मशीनचं झाकण काढून आत तेल घालत होती. शेजारी कोऱ्या टेबलक्लॉथची चळत होती, नीट दहा मोजून ठेवलेली. वरच्या कापडावर चार निळे गोल उठवलेले होते.

मी पर्स ठेवली. घसा साफ केला.

इंदूनं मान वर केली नाही. तेलाची बुधली खाली ठेवली, चिंधीनं सुई पुसली आणि म्हणाली, "बाई, हिरवा दोरा संपत आलाय. आजच आणायला लागेल."